दुचाकी अपघात: मिटवून घेण्याआधी हे वाचा, भरपाईचा क्लेम कुठे, कसा आणि किती दिवसांत टाकायचा

गावाकडचा दुचाकीचा अपघात बहुतेक वेळा कोर्टापर्यंत पोचतच नाही. तो दवाखान्याच्या आवारातच मिटतो. समोरचा गाडीवाला ओळखीचा निघतो, कुणाचा तरी पाहुणा असतो, चार माणसं मध्ये पडतात, दवाखान्याचं बिल तो भरतो, वरून पन्नास हजार देतो आणि पाचशेच्या स्टॅम्पवर सही होते. तीन महिन्यांनी पायातली पट्टी ढिली पडते, दुसरं ऑपरेशन सांगितलं जातं, शेतातलं काम जमत नाही. तेव्हा मात्र तो गाडीवाला फोन उचलत नाही.

यात एक मोठा गैरसमज आहे. ‘त्याच्यावर केस केली तर गरिबाचं घर बसेल’ असं आपण म्हणतो. पण समोरच्या गाडीचा विमा चालू असेल तर भरपाई त्याच्या खिशातून जात नाही, विमा कंपनी देते. थर्ड पार्टी विमा कायद्याने सक्तीचा केला आहे तो याचसाठी. ड्रायव्हरवर होणारा फौजदारी गुन्हा वेगळा आणि भरपाईचा दावा वेगळा. दावा चालतो तो मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. लोक त्याला क्लेम कोर्ट म्हणतात आणि ते जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतच भरतं. म्हणजे गाडीवाल्याशी असलेली ओळख जपूनही आपला हक्क मागता येतो.

पहिले दोन दिवस सगळ्यात महत्त्वाचे

क्लेम कोर्टात जिंकतो किंवा हरतो असं आपल्याला वाटतं. खरं तर निम्मा निकाल पहिल्या दोन दिवसांतच लागलेला असतो, आणि तो दवाखान्याच्या केसपेपरवर लिहिलेला असतो.

जखमीला घेऊन आलेला माणूस घाईत असतो. डॉक्टर विचारतात, काय झालं? पोलिसांची कटकट नको म्हणून तो सांगतो, ‘गाडीवरून घसरून पडला.’ डॉक्टर तेच लिहितात. पुढे चार दिवसांनी घरचे म्हणतात की पिकअपने धडक दिली. विमा कंपनीचा वकील कोर्टात तोच केसपेपर काढतो आणि विचारतो, मग पहिल्या दिवशी घसरला असं का सांगितलं? याचं उत्तर देता देता चांगला दावा बुडतो. म्हणून जे घडलं तेच सांगा. कोणत्या गाडीने, कुठे, कशी धडक दिली हे सांगा. नंबर माहीत असेल तर तोही लिहून घ्यायला सांगा, आणि मेडिको-लीगल केस म्हणजे एमएलसी नोंद झाली का ते विचारा. जखमीला शहरातल्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या पोलीस चौकीत जबाब घेतात आणि कागद आपल्या पोलीस ठाण्याकडे येतात. ते आले की नाही, हे ठाण्यात जाऊन पाहावं लागतं. आपोआप येतील म्हणून बसू नका.

एफआयआर उशिरा झाला म्हणजे दावा संपला, असं नाही. केवळ उशिरामुळे दावा फेटाळू नये असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितलं आहे. घरचे जखमीच्या मागे पळत असतात, हे कोर्टाला कळतं. पण उशिराचं कारण एफआयआरमध्येच लिहिलेलं असावं.

फोटो काढा. गाड्या हलवण्याआधी दोन्ही गाड्यांचे, नंबर प्लेटचे, रस्त्यावरच्या खुणांचे. रात्री उभ्या असलेल्या उसाच्या ट्रॉलीला मागून धडक बसली असेल तर फोटोला सोन्याचं मोल आहे. ट्रॉलीला मागे लाईट नव्हती, रिफ्लेक्टर नव्हता, दगड लावून रस्त्यातच उभी होती, हे सगळं त्या एका फोटोत दिसतं. सकाळपर्यंत ट्रॉली कारखान्यावर गेलेली असते. मग कोर्टात दुचाकीवाल्याने मागून ठोकलं एवढंच उरतं आणि चुकीचा मोठा वाटा त्याच्यावर येतो. जितका चुकीचा वाटा, तितकी भरपाई कमी होते.

समोरच्या गाडीचा विमा चालू आहे का, हे एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून दिसतं. तेवढंच आपल्या गाडीचंही पाहून घ्या. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच काढून मिळतो. त्यामुळे पाच वर्षं कुणाला आठवण राहत नाही आणि सहाव्या वर्षी गाडी विम्याशिवाय फिरत असते. अशा गाडीने कुणाला उडवलं तर भरपाई मालकाला घरातून द्यावी लागते. त्यात जमीन विकायची वेळ येऊ शकते.

उपचाराचा पैसा

५ मे २०२५ पासून केंद्र सरकारची रस्ते अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचार योजना लागू झाली आहे. नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत, एका जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. यासाठीही पोलिसांत नोंद लागते, म्हणून ११२ वर फोन करा. ॲम्ब्युलन्ससाठी १०८ आहेच. जखमीला दवाखान्यात पोचवणाऱ्या वाटसरूला पोलीस नाव सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करू शकत नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४अ मध्ये तसं संरक्षण आहे. हे गावात सगळ्यांना सांगा, कारण भीतीपोटी लोक व्हिडिओ काढतात आणि माणूस उचलत नाहीत.

कोणाकडून मागायचं?

समोरच्या गाडीची चूक असेल तर त्या गाडीचा ड्रायव्हर, मालक आणि विमा कंपनी या तिघांविरुद्ध दावा होतो. समोरच्या ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं म्हणून विमा कंपनी हात वर करते. पण अशा वेळी बहुतेकदा कोर्ट कंपनीला सांगतं की आधी जखमीला पैसे दे आणि मग मालकाकडून वसूल कर.

दुचाकीवर मागे बसलेल्या माणसाची गोष्ट जरा वेगळी आहे. त्याची स्वतःची चूक नसतेच. दोन्ही गाड्यांची चूक असेल तर तो कोणत्याही एका गाडीकडून पूर्ण भरपाई मागू शकतो. पण चूक फक्त आपल्याच दुचाकीस्वाराची असेल, तर त्या गाडीचा विमा कोणता आहे यावर सगळं अवलंबून राहतं. पॅकेज म्हणजे फुल विमा असेल तर मागे बसलेला त्यात येतो. नुसता थर्ड पार्टी असेल तर कंपनी नाही म्हणते, आणि कायदाही तिच्या बाजूने आहे. थोडे पैसे वाचवायला नुसता थर्ड पार्टी काढणाऱ्याने मागे बायको, आई किंवा पोर बसते हे लक्षात ठेवावं.

आणि स्वतःच घसरला तर? थर्ड पार्टी विमा स्वतःसाठी नसतोच. मालक स्वतः चालवत असेल आणि लायसन्स असेल, तर १५ लाखांचा मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा असतो. मात्र तो मृत्यू, कायमचं पूर्ण अपंगत्व किंवा हात, पाय, डोळा गमावण्यासाठी आहे. साध्या फ्रॅक्चरचे पैसे त्यातून येत नाहीत. पाहुण्याची किंवा मित्राची गाडी मागून नेली आणि स्वतःच्या चुकीने पडला, तर त्याला क्लेम नाही. कायदा त्याला मालकाच्याच जागी धरतो. गावात सगळ्यांच्या गाड्या सगळे वापरतात, त्यामुळे हे माहीत असलेलं बरं.

रस्त्यातल्या खड्ड्यामुळे अपघात झाला तर समोर गाडी नसल्याने क्लेम कोर्टात जागा नाही. पण मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये आदेश दिला आहे की खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख आणि जखमीला ५० हजार ते अडीच लाख रुपये, रस्ता ज्याच्या ताब्यात आहे त्या यंत्रणेने द्यावेत. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात चौकशी करावी. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी घ्या. अपघात झाला की दुसऱ्या दिवशी खड्डा बुजवायची तत्परता आपल्याकडे नेमकी दिसते.

धडक देऊन पळालेली गाडी

गाडी सापडलीच नाही तरी रिकाम्या हाताने बसायचं कारण नाही. हिट अँड रनमध्ये मृत्यूला २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. हा अर्ज कोर्टात नाही, ज्या भागात अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा असतो. तिथून चौकशी अहवाल एका महिन्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे जायला हवा, आणि मंजुरीनंतर पैसे थेट बँक खात्यात येतात. ही योजना १ एप्रिल २०२२ पासून नव्या रकमेने लागू आहे, पण अर्ज फार थोडे येतात. अनेकांना तहसीलमध्ये असा काही अर्ज असतो हेच माहीत नाही. रक्कम मोठी नाही, पण त्यासाठी वकील लागत नाही. ‘गंभीर’ म्हणजे मरणाच्या दारात असंही नाही. हाड मोडलं किंवा दात पडला तरी कायद्यात ती गंभीर दुखापत आहे.

सहा महिन्यांची मुदत

१ एप्रिल २०२२ नंतरच्या अपघातांसाठी क्लेम सहा महिन्यांच्या आत टाकायचा, असा नियम आला. त्याआधी अशी मुदत नव्हती, म्हणून जुनी माणसं अजूनही ‘टाकू की सावकाश’ असं सांगतात. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की केवळ सहा महिने उलटले म्हणून दावे फेटाळू नयेत. ज्यांची मुदत गेली त्यांना हा मोठा दिलासा आहे, त्यांनी आता तरी वकिलाला भेटावं. पण तो अंतरिम आदेश आहे. ज्यांची मुदत अजून आहे त्यांनी त्याच्या भरवशावर राहू नये.

पोलिसांवरही जबाबदारी आहे. २०२२ च्या नियमांप्रमाणे तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे आणि विमा कंपनीकडे पाठवायचा, आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत. मधल्या काळात जखमीने किंवा वारसांनी भरायचा एक फॉर्म असतो, फॉर्म ६. त्यात वय, उत्पन्न, कुटुंब, उपचाराचा खर्च लिहायचा असतो आणि तो ६० दिवसांत द्यायचा असतो. हा फॉर्म ठाण्यात मागून घ्या. पोलिसांचा हा अहवालच न्यायाधिकरण दावा म्हणून धरू शकतं. तरीही आपला स्वतंत्र अर्ज वकिलामार्फत टाकणंच शहाणपणाचं आहे.

दावा अपघात झाला त्याच जिल्ह्यात टाकावा लागतो असं नाही. आपण जिथे राहतो तिथेही टाकता येतो. बीडचा ऊसतोड मजूर कोल्हापूरकडे अपघातात सापडला तर त्याने तारखेला कोल्हापूर गाठायची गरज नाही, बीडला क्लेम चालतो.

किती मिळू शकतं?

इथे आकडे डोळ्यांसमोर ठेवले की मिटवामिटवीत काय जातं ते कळतं. समजा ३२ वर्षांचा माणूस आहे, महिना १२ हजार कमावतो. चाळिशीच्या आतल्या स्वयंरोजगारवाल्याच्या उत्पन्नात पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात. म्हणजे महिना १६,८०० आणि वर्षाला २,०१,६००. वयाप्रमाणे एक गुणक ठरलेला आहे. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे, वय वाढेल तसा तो कमी होतो.

या माणसाचा मृत्यू झाला आणि मागे बायको, दोन मुलं आणि आई असे चौघे अवलंबून असतील, तर त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा होतो. उरले वर्षाला १,५१,२००. त्याला १६ ने गुणलं की २४,१९,२०० रुपये होतात. अंत्यविधी वगैरेच्या रकमा त्याशिवाय. दारात येऊन दोन लाखांत मिटवू म्हणणाऱ्याला हा हिशोब माहीत असतो, वारसांना नसतो.

माणूस वाचला पण पाय अधू झाला, तर प्रश्न येतो की कमाई किती घटली. दवाखान्याच्या दाखल्यावरचा टक्का आणि कमाईचा टक्का एकच नसतो. समजा कोर्टाने धरलं की पाय गेल्याने या माणसाची कमाई ३० टक्क्यांनी घटली, कारण तो मजुरी करतो, ओझं उचलतो. मग २,०१,६०० चे ३० टक्के म्हणजे ६०,४८०, गुणिले १६, म्हणजे ९,६७,६८० रुपये. तोच पाय बसून दुकान चालवणाऱ्याचा असेल आणि घट १० टक्केच धरली, तर ३,२२,५६०. म्हणून आपण नेमकं काय काम करत होतो आणि आता काय जमत नाही, हे कोर्टात स्पष्ट सांगावं लागतं. दाखला देणाऱ्या डॉक्टरची साक्षही लागू शकते. याशिवाय औषधपाण्याची बिलं, उपचाराच्या काळात बुडालेली मजुरी, सांभाळायला थांबलेल्या माणसाचा खर्च, वेदनेसाठीची रक्कम हे वेगळं मागता येतं.

खरी अडचण उत्पन्न दाखवण्याची असते. आपल्याकडे पगारपत्रक कुणाकडे आहे? पण कागद असतात, ते शोधावे लागतात. दूध डेअरीची बिलं, कारखान्याची ऊसबिलं, बाजार समितीच्या पट्ट्या, रोजगार हमीचं जॉबकार्ड, बचत गटाचं पासबुक, बँकेत येणारे पैसे. सातबारा जोडायचाच, पण एक लक्षात ठेवा. जमीन जागेवरच आहे, ती अपघातात गेली नाही, असं कंपनी म्हणते. त्यामुळे शेतीचं सगळं उत्पन्न धरलं जात नाही, त्या माणसाच्या कष्टाची आणि देखरेखीची किंमत धरतात. आता त्याच्या जागी गडी ठेवावा लागतो हे दाखवता आलं तर उपयोग होतो. बाईमाणूस घरीच असते म्हणून तिला काही मिळत नाही, हेही खोटं. घरकामाची किंमत धरून भरपाई द्यावी असे सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आहेत.

दवाखान्याचं प्रत्येक बिल, मेडिकलची पावती, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, गाडीभाड्याची चिठ्ठी एका पिशवीत ठेवा आणि मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. मेडिकलच्या पावतीची शाई सहा महिन्यांत उडते.

‘ट्रिपल सीट होतो, आता काय मिळणार?’

हा प्रश्न नेहमी येतो. ट्रिपल सीट बसणं गुन्हा आहेच, पण त्यामुळेच अपघात झाला असं दिसलं नाही तर तेवढ्यावरून भरपाई कापता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. लायसन्स नसल्याचंही तसंच. ट्रक राँग साइडने येऊन धडकला तर जखमीकडे लायसन्स नव्हतं एवढ्याने त्याची चूक ठरत नाही. हेल्मेट नसेल आणि मार डोक्याला असेल, तर मात्र कंपनी तो मुद्दा जोरात मांडते. दारूची नोंद केसपेपरवर असेल तर दावा अवघड होतो.

कुठे फसवणूक होते

विमा कंपनीकडून लवकर तडजोड येऊ शकते. कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. ज्याचा पुरावा कच्चा आहे त्याच्यासाठी ही चांगली सोय आहे. पण ही रक्कम घेतली की मोठा दावा संपतो. वरचा २४ लाखांचा हिशोब पुन्हा वाचा आणि मग सही करा.

दवाखान्यात येऊन ‘तुमचा क्लेम मी करतो, निम्मे माझे’ म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. मिळणाऱ्या भरपाईत हिस्सा अशी फी वकिलाला ठरवता येत नाही, बार कौन्सिलचे नियम तसे आहेत. कोऱ्या चेकवर सही देऊ नका, बँक पासबुक स्वतःजवळ ठेवा. आणि विमा नसलेल्या गाडीऐवजी विमा असलेली दुसरी गाडी दाखवू, असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हणा. कंपन्या याची चौकशी करतात, आणि दावा तर जातोच, फसवणुकीचा गुन्हा जखमीच्या घरच्यांवर येतो.

वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग यांना उत्पन्नाची अट नाही. फोन नंबर १५१०० आहे, टोल फ्री.

क्लेमशिवाय आणखी दोन ठिकाणी विचारा. बँक खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जात असतील तर तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा आहे. अपघाती मृत्यूला २ लाख मिळतात, बँकेला लगेच कळवा. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे. मृत्यूला किंवा दोन अवयव गेल्यास २ लाख, एक अवयव किंवा डोळा गेल्यास १ लाख. हा अर्ज ३० दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जायला हवा.

निकालाला वेळ लागतो, पण दावा टाकल्या तारखेपासून व्याज सहसा मिळतं. मध्येच लोकअदालतीत तडजोड करता येते, पैसे लवकर येतात, मात्र तिथल्या निकालावर अपील नाही. न्यायाधिकरणाचा निकाल कमी वाटला तर ९० दिवसांत उच्च न्यायालयात अपील करता येतं, फक्त वादातली रक्कम एक लाखाच्या खाली नसावी.